आधी टोके ठरव

आरोंदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

चि. बाय,

तुझा निरोप मिळाला. ‘या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाचा मध्यबिंदू काढा’ असे सरळ विचारले की तुझे उत्तर बरोबर येते. तोच प्रश्न वर्तुळाच्या व्यासावर, समांतरभुज चौकोनावर किंवा मध्यगेवर घातला की सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. फोनवर सांगितले असते, पण भूमिती कानाने फार थोडी कळते. कागद-पेन्सिल जवळ घेऊन, थांबत थांबत वाचता यावे म्हणून हे पत्र. दहावीच्या इतर मुलांनाही हीच अडचण येते, तेव्हा तुझ्या मैत्रिणींनी वाचले तर मला आनंदच होईल.

तुला माहीत आहे, माझी नोकरी भूकरमापकाची. जमिनी मोजण्यात आयुष्य गेले. त्या कामाने मला जे शिकवले ते तुझ्या भूमितीच्या पुस्तकातल्या पाचव्या प्रकरणाला जसेच्या तसे लागू पडते. मध्य काढणे सोपे असते. कुणाचा मध्य काढायचा, त्याची दोन टोके कोणती, हे ठरवायला डोके लागते. मध्यबिंदूच्या प्रत्येक गणितात तीनच बिंदू असतात: दोन टोके आणि त्यांचा मध्य. तिघांपैकी दोन ठाऊक असले की तिसरा मिळतोच. गणित कितीही फिरवून विचारलेले असो, त्यातले हे तीन बिंदू तू ओळखलेस की पुढे फक्त बेरीज आणि निम्मे करणे उरते.

आधी सूत्र पाहू, कारण ते पाठ असूनही त्यामागचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. समज, अ (−४, ७) आणि ब (६, −३) हे दोन बिंदू आहेत. अ पासून ब पर्यंत जायचे तर आडवे किती सरकायचे? −४ पासून ६ पर्यंत, म्हणजे १० उजवीकडे. उभे किती? ७ पासून −३ पर्यंत, म्हणजे १० खाली. आता निम्मीच वाट चालायची: ५ उजवीकडे, ५ खाली. −४ मध्ये ५ मिळवले की १; ७ मधून ५ वजा केले की २. मध्यबिंदू (१, २). तिथून पुन्हा ५ उजवीकडे आणि ५ खाली गेलीस की बरोबर ब वर पोचतेस. ताळा झाला.

इथेच बेरजेचे कारण सापडते. दोन निर्देशकांच्या वजाबाकीचे निम्मे म्हणजे अर्धी चाल. बेरजेचे निम्मे म्हणजे मधले ठिकाण. पहिल्या टोकाच्या निर्देशकात अर्धी चाल मिळवून मांडून बघ. पहिला पूर्ण, अधिक दुसऱ्याचा अर्धा, वजा पहिल्याचा अर्धा. उरतो काय? पहिल्याचा अर्धा आणि दुसऱ्याचा अर्धा. सूत्र तेच सांगते. अंतराच्या सूत्रात वजाबाकी आणि मध्यबिंदूच्या सूत्रात बेरीज का, हा गोंधळ परीक्षेच्या घाईत बऱ्याच मुलांचा होतो. अंतर ही चाल आहे आणि मध्य हे ठिकाण आहे, एवढे मनात ठसले की तो होणार नाही.

आडवे आणि उभे वेगवेगळे निम्मे केले तर चालते, याला पुरावा काय? तो तुझ्या याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात, समरूपतेत आहे. तीन समांतर रेषांनी एका छेदिकेवर समान तुकडे केले तर दुसऱ्या छेदिकेवरही त्या समानच तुकडे करतात. अ, ब आणि मध्य या तिन्ही बिंदूंपासून एक्स-अक्षावर लंब टाक. ते तिन्ही लंब परस्परांना समांतर आहेत. रेषाखंडाचे दोन सारखे भाग झाले, म्हणून अक्षावरचेही दोन भाग सारखेच. वाय-अक्षावर हेच पुन्हा.

आता प्रश्न फिरवू. वर्तुळाचे केंद्र (३, −१) आहे आणि एका व्यासाचे एक टोक (−२, ५) आहे. दुसरे टोक काढा. तू सूत्र घेऊन (३, −१) आणि (−२, ५) यांचीच बेरीज करायला निघशील, कारण दिलेले दोन बिंदू दिसले की हात आपोआप तिकडे जातो. थांब आणि विचार: टोके कोणती? व्यासाची दोन टोके वर्तुळावर आहेत. केंद्र त्यांचा मध्य आहे. म्हणजे दिलेल्यांपैकी एक टोक आणि एक मध्य. −२ पासून ३ पर्यंत ५ उजवीकडे, ५ पासून −१ पर्यंत ६ खाली. तेवढीच चाल पुन्हा: ३ अधिक ५ म्हणजे ८, −१ वजा ६ म्हणजे −७. दुसरे टोक (८, −७). उत्तरपत्रिकेत हे सूत्राने मांडायचे, पण मनातला ताळा असा पावलांनी घ्यायचा.

माझ्या नोकरीतला प्रसंग सांगतो. तो एकदाच घडलेला नाही, फिरून फिरून समोर येणारा आहे. तुझ्या वाट्याला अजून जमिनीचे वाटप आलेले नाही, पण कोकणात भावकीच्या वाटण्या घरोघरी. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. समज, एक त्रिकोणी तुकडा आहे. पाणंदीला लागून असलेली बाजू ६६ फूट आणि समोरच्या कोपऱ्यातल्या दगडापर्यंतची उंची ६६ फूट. निर्देशकांत मांडायचे तर शिरोबिंदू (०, ०), (६६, ०) आणि (२०, ६६). क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीचे निम्मे, म्हणजे २,१७८ चौरस फूट: बरोबर २ गुंठे. दोन भावांना एकेक गुंठा द्यायचा आहे.

जमलेल्यांतला कोणीतरी म्हणतोच, “दोनय बाजूंच्या मधावर दोरी धरा, झाला अर्धा अर्धा.” त्याच्या मनात तिरक्या दोन बाजूंचे मध्य असतात. तशी दोरी धरली तर ती पायाला समांतर जाते आणि पायाच्या निम्मी भरते. हे नववीच्या चौकोनाच्या प्रकरणातले मध्यबिंदूंचे प्रमेय. वर जो लहान त्रिकोण सुटतो त्याचा पाया निम्मा आणि उंचीही निम्मी, म्हणून क्षेत्र चौथा भाग. एका भावाला अर्धा गुंठा, दुसऱ्याला दीड गुंठा! आणि दोरी तर दोन्हीकडे मध्यावरच धरलेली. योग्य वाटणी कशी? पायाचा मध्य काढायचा, (३३, ०), आणि तो समोरच्या (२०, ६६) या दगडाशी जोडायचा. ही मध्यगा. दोन्ही बाजूंना ३३ फूट पाया, दोघांनाही तीच ६६ फूट उंची. प्रत्येकी १,०८९ चौरस फूट. मध्य दोन्ही वेळा अचूकच होता. फरक पडला तो कुठल्या रेषेचा मध्य घेतला, यात. म्हणून मी तुला पुन्हा पुन्हा टोके विचारतो आहे. आणि क्षेत्र सारखे झाले तरी विहीर कुणाकडे आणि माड कुणाकडे, हे मध्यगा सांगत नाही. ते भावांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवायचे असते.

जमीन क्वचितच त्रिकोणी असते. चार वाकड्या बाजूंची बहुधा असते. चौकोनाची एक गोष्ट मला आजही आश्चर्य वाटावे इतकी सुंदर आहे. कुठलाही चौकोन घे. मी घेतो (०, ०), (१०, २), (८, ८) आणि (२, ६). चारी बाजूंचे मध्य काढ: (५, १), (९, ५), (५, ७), (१, ३). ते क्रमाने जोड. समोरासमोरच्या मध्यांची बेरीज कर: ५ आणि ५ म्हणजे १०, १ आणि ७ म्हणजे ८, दुसऱ्या जोडीची ९ आणि १ म्हणजे १०, ५ आणि ३ म्हणजे ८. बेरजा सारख्या, म्हणून आतल्या चौकोनाच्या दोन्ही कर्णांचा मध्य एकच, (५, ४). कर्ण परस्परांना दुभागतात, म्हणजे आतला चौकोन समांतरभुज. मूळ चौकोनाचे क्षेत्रफळ काढ, ४८ येईल, आतल्याचे २४. बरोबर निम्मे. पिएर व्हॅरिग्नॉन या फ्रेंच गणितीचे हे प्रमेय त्याच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापले गेले. निर्देशकांनी त्यातला समांतरभुजाचा भाग एका ओळीत सिद्ध होतो: पहिल्या जोडीची बेरीज म्हणजे चारही शिरोबिंदूंच्या बेरजेचे निम्मे, आणि दुसऱ्या जोडीचीही तेच निम्मे. चार माणसांचे पैसे कुठल्याही क्रमाने दोन-दोन मिळून मोजले तरी एकूण रक्कम तीच यावी, तसे आहे हे.

‘समोरासमोरच्या शिरोबिंदूंच्या बेरजा सारख्या’ हे तू समांतरभुज चौकोनासाठी कायमचे लक्षात ठेव. (१, २), (६, ३), (९, ७) हे एका समांतरभुज चौकोनाचे क्रमाने तीन शिरोबिंदू, चौथा काढा, असा प्रश्न आला. पहिला आणि तिसरा समोरासमोर. बेरीज (१०, ९). त्यातून दुसरा वजा केला की (४, ६). झाले गणित. इथेही टोकांचाच प्रश्न आहे: समोरासमोरचे दोन म्हणजे एका कर्णाची टोके, उरलेले दोन दुसऱ्या कर्णाची, आणि दोघांचा मध्य सामाईक.

पण ‘क्रमाने’ हा शब्द प्रश्नात नसेल तर? मग कोण कुणासमोर हे ठरलेलेच नाही आणि तीन उत्तरे निघतात: (४, ६), (−२, −२) आणि (१४, ८). तिन्ही आलेखावर मांड आणि जोड. मोठा त्रिकोण होईल, आणि त्याच्या तीन बाजूंचे मध्य कोणते? तपास: (४, ६) आणि (−२, −२) यांचा (१, २). (−२, −२) आणि (१४, ८) यांचा (६, ३). (४, ६) आणि (१४, ८) यांचा (९, ७). सुरुवातीला दिलेलेच तीन बिंदू! म्हणजे ‘त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू दिले आहेत, शिरोबिंदू काढा’ हे तुला अवघड वाटणारे गणित आणि समांतरभुजाच्या चौथ्या शिरोबिंदूचे सोपे गणित, दोन्ही एकच आहेत. कुठलेही दोन मध्य मिळवायचे आणि तिसरा वजा करायचा; एकेक शिरोबिंदू मिळत जातो. तीन समीकरणे मांडून सोडवलीस तरी उत्तर हेच येते, पण आपण काय करतो आहोत हे या वाटेने दिसते.

आता एक सापळा दाखवतो. ‘(१, ३) आणि (५, १) या बिंदूंपासून समान अंतरावर असणारा एक्स-अक्षावरचा बिंदू काढा.’ समान अंतर म्हटले की मध्य डोक्यात येतो. मध्य आहे (३, २), आणि तो अक्षावर नाहीच. दोन बिंदूंपासून समान अंतरावरचे बिंदू असंख्य असतात. ते सगळे त्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतात आणि मध्य हा त्यांतला फक्त एक. इथे अंतराचे सूत्र हवे. बिंदू (एक्स, ०) मानून दोन्ही अंतरांचे वर्ग सारखे लिहिलेस की ८ एक्स बरोबर १६, म्हणजे एक्स २. उत्तर (२, ०). दोन्ही बिंदूंपासूनचे अंतर १० चे वर्गमूळ. प्रश्नात ‘मध्य’ लिहिले आहे की ‘समान अंतर’, ते दोनदा वाच.

टोकांचा प्रश्न वहीपुरता नाही. आपल्या गावाच्या दक्षिणेला तेरेखोल नदी आहे. सह्याद्रीतून निघून बांद्याजवळून ती इथे येते तेव्हा खाडी झालेली असते. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. पूर्वी तरीने जावे लागे, आता पूल आहे. तू सुट्टीत पुलावर उभी राहून विचारायचीस, “आजोबा, अर्ध्यावर आलो का?” पुलाचा मध्य सोपा आहे, कारण पुलाला दोन पक्की टोके आहेत. पण पाण्याचा मध्य विचारलास तर मी आधी विचारीन, काठ कुठला? भरतीला पाणी कांदळवनात शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. सकाळचा काठ आणि दुपारचा काठ एक नसतो. मग मध्य तरी एक कसा असेल?

जगातल्या मोठ्या माणसांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक कायद्याचा करार झाला. भारताने त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या १५ व्या कलमात समोरासमोर किंवा शेजारी-शेजारी किनारे असलेल्या दोन देशांचा नियम आहे. आपसांत वेगळा करार नसेल आणि इतिहासाने आलेला हक्क किंवा दुसरी विशेष परिस्थिती नसेल, तर कोणत्याही देशाने आपला प्रादेशिक समुद्र मध्यरेषेपलीकडे नेऊ नये. मध्यरेषा कोणती? जिचा प्रत्येक बिंदू दोन्ही देशांच्या आधाररेषांवरच्या सर्वांत जवळच्या बिंदूंपासून समान अंतरावर आहे ती. आपला लंबदुभाजकच हा! किनारा वाकडातिकडा असल्यामुळे इथे एका लंबदुभाजकाऐवजी अनेक तुकडे एकमेकांना जोडत जावे लागते. आणि आधाररेषा कोणती, हेही करारात आधी सांगून टाकले आहे: साधारणपणे किनाऱ्यालगतची ओहोटीच्या पाण्याची रेषा. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीही आधी टोके बांधली, मग मध्य.

रेषा कुठून न्यायची यावरच एकमत झाले नाही तर काय होते, त्याचे उदाहरण कच्छमध्ये आहे. सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची भरती-ओहोटीची खाडी भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये येते. भारताचे म्हणणे, सीमा खाडीतल्या नौकानयनाच्या प्रवाहाच्या मधून जाते. पाकिस्तानचे म्हणणे, ती पूर्वेकडच्या काठावरून जाते. दोघांच्याही हातात कागद एकच आहे: मुंबई सरकारचा १९१४ चा ठराव, जेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता आणि वाद कच्छच्या रावांशी होता. वाद अजून मिटलेला नाही. मध्य काढण्याचे गणित दोन्ही देशांना येते; सीमा मध्यातून न्यायची की काठावरून, यावरच त्यांचे एकमत होत नाही.

आपल्याच नदीच्या मुखाशी बघ. नदी ही गोव्याची उत्तर हद्द असे आपण सहज म्हणतो. पण तेरेखोलचा किल्ला आपल्या, म्हणजे उत्तरेच्या काठावर आहे आणि तरी तो गोव्याचा आहे, कारण सावंतवाडीकरांचा तो किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. जमिनीवरच्या रेषा माणसांनी आखलेल्या असतात. त्या कुठे सुरू झाल्या हे इतिहासाला विचारावे लागते.

मोजणीचा इतिहासही याच किनाऱ्यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थॉमस बेस्ट जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण कोकणची मोजणी केली. आणि त्याच काळात त्याचा थोरला भाऊ जॉर्ज याने मुंबईत गणिताची पुस्तके मराठीत तयार करवून घेतली. एक भाऊ आपल्या डोंगरांना आकड्यांत बसवत होता आणि दुसरा ते आकडे मराठी मुलांच्या पाटीवर आणत होता. तू आज मराठीतून ‘मध्यबिंदू’ म्हणतेस त्यामागे अशी पुष्कळ माणसांची मेहनत आहे.

नकाशाचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. जुने कागदी नकाशे दमट हवेत फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात, कधी लांबीत अधिक आणि रुंदीत कमी. मग त्यावर मोजलेले अंतर चुकते. मध्य मात्र चुकत नाही! आडव्या दिशेचे सगळे सारख्या प्रमाणात आकसले तर निम्मे हे निम्मेच राहते. उभ्या दिशेचेही तसेच. अंतराच्या सूत्राला दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण लागते, मध्यबिंदूला लागत नाही. आपल्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण सुमारे ११०.६ किलोमीटर भरतो आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०७ किलोमीटर. तरीसुद्धा आरोंदा आणि जवळचे शिरोडा यांच्यामधला बिंदू त्यांचे अक्षांश-रेखांश मिळवून निम्मे केले तर व्यवहाराला पुरेसा अचूक येतो.

लांबच्या ठिकाणांना मात्र हे लावू नकोस. पृथ्वी गोल आहे, आलेखाचा कागद सपाट आहे. फिजीच्या बेटांमधून १८० वा रेखांश जातो. त्याच्या अलीकडे १७९ पूर्व आणि पलीकडे १७९ पश्चिम असे दोन बिंदू घे. पश्चिमेला उणे धरून १७९ आणि −१७९ यांची बेरीज शून्य, निम्मे शून्य. म्हणजे मध्य ग्रिनिचच्या रेखांशावर, पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला! सूत्र सरळ रेषाखंडासाठी आहे, आणि गोलावर तुझी दोन टोके सरळ रेषाखंडाने जोडलेली नाहीत. सूत्र कशासाठी आहे हे ओळखणे हाही गणिताचाच भाग आहे.

विभाजनाचे सूत्र समोर आले की घाबरू नकोस. मध्य म्हणजे दोन्ही टोकांना सारखा मान. मान कमी-जास्त केला की विभाजन. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’मध्ये दोन बांबूंचे एक गणित आहे. एक १५ हात उंच, दुसरा १० हात. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी बांधली. दोऱ्या एकमेकींना जमिनीपासून किती उंचीवर छेदतील? उत्तर ६ हात: दोन उंचींचा गुणाकार १५०, भागिले बेरीज २५. नवल हे, की बांबू एकमेकांपासून किती लांब आहेत याने उत्तर बदलत नाही. निर्देशक मांडून बघ. छेदनबिंदू १५ हातांच्या बांबूच्या शेंड्यापासून निघालेल्या दोरीला ३ : २ या गुणोत्तरात विभागतो. दोन्ही बांबू १० हातांचे असते तर गुणोत्तर १ : १ झाले असते, दोऱ्या आपापल्या मध्यावर भेटल्या असत्या, ५ हातांवर. म्हणजे तुझा मध्यबिंदू हा या मोठ्या नियमातला एक खास प्रसंग आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आजोबांचे गणित नातवंडाने पुढे चालवावे, ही इच्छा माझ्यासारख्या म्हाताऱ्याला किती जवळची वाटते ते तुला एवढ्यात कळणार नाही.

परीक्षेपुरते चार शब्द. आकृती कच्ची का होईना, पण काढच. कुठल्या चरणात कोणता बिंदू हे दिसले की चिन्हांच्या चुका तिथेच पकडल्या जातात. मध्य दोन टोकांच्या बाहेर गेलेला दिसला तर आकडेमोड पुन्हा कर. उत्तर लिहिण्याआधी पहिल्या ओळीत स्पष्ट लिही: टोक हे, टोक हे, मध्य हा, यांतला अज्ञात कोणता. भूमितीचा पेपर ४० गुणांचा असतो, त्यात ही एक ओळ लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही. आणि उत्तर आले की चालीने ताळा घे: पहिल्या टोकापासून मध्यापर्यंत जितके सरकलीस, तितकेच पुढे सरकून दुसरे टोक मिळाले पाहिजे.

आता आमच्या खात्यात रोव्हर आले आहेत. उपग्रहांच्या आधाराने दगडाचे निर्देशक उभ्या उभ्या मिळतात. साखळी ओढत उन्हात फिरायला नको. मला त्याचा आनंदच आहे. पण रोव्हर कुठल्या दगडावर ठेवायचा, हद्दीचा खरा दगड कोणता आणि कुणी मागाहून सरकवलेला कोणता, हे अजून माणसालाच ठरवावे लागते. तुझ्या काळात यंत्रे याहून हुशार होतील. तरी हे ठरवण्याचे काम तुझ्याकडेच राहील, म्हणून ते आत्तापासून नीट शिकून घे.

तुझ्यासाठी दोन गणिते देतो. पहिले: (०, ०), (६६, ०), (२०, ६६) या आपल्या त्रिकोणी तुकड्याच्या तिन्ही बाजूंचे मध्य काढून जोड, आणि जे चार लहान त्रिकोण होतील त्यांतल्या प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढ. दुसरे: याच तुकड्याच्या तिन्ही मध्यगा एका बिंदूत मिळतात, त्या बिंदूचे निर्देशक काढ आणि त्याला तिन्ही शिरोबिंदूंशी जोडून तुकड्याच्या तीन सारख्या वाटण्या होतात हे दाखव. भाऊ दोन असतील तर काय करायचे हे तू या पत्रात वाचलेस. तीन असतील तर काय, ते तू मला आकृतीसह लिहून पाठव.

तुझो आजो